ताईचं सरबत

आमच्या खात्यात एक फॉर्म आहे. गर्दच्या नादी लागून चोरीत सापडलेलं पोर कोर्टानं तुरुंगाऐवजी आमच्या देखरेखीखाली दिलं, की दर महिन्याला हा फॉर्म भरायचा. पोर सुधारणार की नाही हे त्यावरून कळतं म्हणे. घरचा आधार आहे का, शाळा किंवा काम आहे का, जुनी संगत सुटली का, औषध रोज घेतं का, असे बारा रकाने. नैरोबीहून आलेल्या एका साहेबांनी तो कसा भरायचा हे आम्हाला दिवसभर बसवून शिकवलं होतं. जेवण चांगलं होतं, एवढंच आठवतं.

माझं नाव कादझो. मोंबासात पंधरा वर्षं मी हे देखरेखीचं काम करते आहे. एवढ्या वर्षांत गर्दवाल्या अकरा मुली माझ्या हाताखालून गेल्या. दोघींच्या मयतीला मी गेले, सहा जणी पुन्हा तुरुंगात गेल्या आणि दोघींचा पत्ताच नाही. अकरावी तौहिदा. तिच्या फॉर्मवर बाराच्या बारा रकान्यांत मी "हो" लिहीत होते आणि ते लिहिताना मला अभिमान वाटायचा. वरच्या साहेबांनी तिची फाईल मागवून घेतली होती. जिल्ह्याच्या बैठकीत मीच ती वाचून दाखवणार होते.

सोळाव्या वर्षी तिनं बाजारातल्या एका दुकानातून तीन फोन उचलले आणि चौथा उचलताना सापडली. कोर्टात उभी राहिली तेव्हा नाक गळत होतं, पाय लटपटत होते, तरी तोंड काही थांबत नव्हतं. मॅजिस्ट्रेटना म्हणाली, "साहेब, तुमचा फोन टेबलाच्या काठाला ठेवू नका. माझ्यासारखी कुणी आली तर जाईल." सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटही हसले आणि त्यांनी दोन वर्षांची शिक्षा लिहून ती बाजूला ठेवली. वर्षभर देखरेख, आईच्या घरी राहायचं आणि व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन रोज मेथाडोन, म्हणजे गर्दची तलफ दाबणारं औषध, प्यायचं. यातलं एक जरी मोडलं तरी बाजूला ठेवलेली शिक्षा लागू होणार होती.

केंद्र पुलापलीकडे. सकाळी सात ते अकरा एवढाच वेळ खिडकी उघडी. गजांच्या आड सिस्टर मोरा बसते, प्रत्येकाचा हिशेबातला घोट छोट्या पेल्यात ओतते. लालसर, गोड, तीन चमच्यांएवढं ते औषध तिच्यादेखत प्यायचं. मग वर ग्लासभर पाणी, आणि मग काहीतरी मोठ्यानं बोलून दाखवायचं. कुणी घोट गालात धरून बाहेर नेऊन विकू नये, म्हणून ही पद्धत. बाकीचे आपलं नाव सांगून सुटायचे. तौहिदाचं रोज नवीन.

"सिस्टर, आज टोप तिरका बसलाय तुमचा."

"बोललीस ना? गिळलंस ना? चालती हो मग!"

"नवऱ्यानं ओढला वाटतं."

"अगं जातेस की येऊ बाहेर?"

मागची रांग हसायची. एका मंगळवारी मी तिथं उभी राहून हे सगळं ऐकलं आणि ऑफिसात येऊन फॉर्ममध्ये "मनःस्थिती उत्तम" असं लिहिलं.

तिची आई बी मुनिरा जुन्या गावातल्या एका अरुंद गल्लीत राहते. नवरा मस्कतला गेला तो तिकडचाच झाला. ही बाई घरी काइमाती तळते, पाकात बुडवलेले ते गोल गोड गोळे, आणि त्यावर दोन मुली वाढवल्या. मान ताठ. मुलगी गर्द ओढते, चोरीत सापडली, यातलं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कोठडीतल्या दिवसांत मुलगी टांगा शहरात मावशीकडे होती, आणि आता रोज सकाळी शिवणाच्या क्लासला जाते, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मीसुद्धा त्या घरी जायची ती क्लासची बाई म्हणून.

रमजान लागला तेव्हा तौहिदाचा एकच महिना उरला होता. ईदनंतर चौथ्या दिवशी मुदत संपणार होती.

चंद्र दिसला त्या संध्याकाळी बी मुनिरानं मला दारातच गाठलं.

"ऑफिसर, उद्यापासून ती रोजे ठेवणार."

"बी मुनिरा, तिला सकाळी औषध घ्यावंच लागतं. आजारी माणसाला रोज्यातून सूट असते, मला जेवढं माहीत आहे..."

"कुठला आजार? नाव सांगा. मशिदीत शेखना काय सांगू मी, कुठल्या आजारानं माझी धडधाकट पोरगी रोजा मोडते?"

"शेखना खरं सांगितलं तर ते समजून घेतील."

"ते घेतील. त्यांची बायको घेईल का? तिच्या बहिणी घेतील का?" तिनं आवाज खाली आणला. "गेल्या रमजानात ही पोलिसांच्या कोठडीत होती. या वर्षी माझ्या घरात राहायचं तर रोजा ठेवून राहायचं. नाहीतर तुमच्याकडे घेऊन जा."

घेऊन कुठे जाणार? आईच्या घरी राहायचं ही कोर्टाची अट. मुलींसाठी दुसरी जागा या शहरात मला तरी ठाऊक नाही, आहेत त्या सगळ्या मुलांसाठी. शिवाय मी गिरियामा जमातीची, रविवारी चर्चला जाणारी बाई. रोज्याच्या बाबतीत जास्त तोंड घातलं असतं तर दार कायमचं बंद झालं असतं. मी केंद्राला पत्र लिहिलं, या महिन्यापुरती खिडकी सूर्यास्तानंतर तासभर उघडा म्हणून. त्या पत्राचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

तिसऱ्या रोज्याला तौहिदा सहीसाठी ऑफिसात आली. मी विचारलं, "काय करतेस गं मग? घोट घेतेस की रोजा ठेवतेस?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

"जमवलंय मी, मॅडम. आई खूश, कोर्ट खूश, अल्लाह पण खूश. तुम्ही तेवढं कपाळावरचं आठ्यांचं जाळं काढा."

मी हसले. हसायला नको होतं.

नवव्या रोज्याला मी दुसऱ्याच कामासाठी केंद्रावर गेले होते. फाटकातून आत शिरताना ती समोरून येताना दिसली. मी म्हटलं, "काय गं, आज सिस्टरला काय ऐकवलंस?" ती थांबली. तिनं नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले, आणि डावा गाल किंचित फुगलेला. आमची नजरानजर झाली. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि दुसरंही काही होतं, ती मला काहीतरी विचारत होती. मी पर्समधून फोन काढला आणि त्यात डोकं घातलं. ती माझ्या अंगाला अंग घासून गेली. भिंतीमागे एका बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज मी ऐकला.

आत जाऊन सिस्टर मोराला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "रोजेवाल्यांना पाणी माफ केलंय मी. औषध चालतं, पण पाण्याचा घोट गेला की रोजा मोडतो म्हणतात बिचारे. आणि बोलायला लावलं की थुंकी गिळली जाते म्हणतात. दीडशे जणांची रांग आहे बाई, कुणाकुणाशी वाद घालू?"

म्हणजे तौहिदा घोट तोंडात धरून बाहेर आणत होती, बाटलीत ओतत होती आणि संध्याकाळी रोजा सोडताना पीत होती. विकत नव्हती, याची मला खात्री होती. विकत असती तर आठ दिवसांत पुन्हा गर्दवर गेली असती, आणि ती तर सरळ चालत होती. मनाशी म्हटलं, पोरगी शहाणी आहे, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मी हे लिहिलं तर दोन वर्षं आत. आणि खरं सांगायचं तर, बैठकीतली ती फाईलही माझ्या डोळ्यांसमोर आली. मी पाहिलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. त्या महिन्याच्या फॉर्मवर "औषध नियमित" यापुढे मी "हो" लिहिलं.

एकविसाव्या रोज्याला बी मुनिरानं मला रोजा सोडायला बोलावलं. धाकटी झेयाना, सात वर्षांची, त्या दिवशी पहिला अख्खा रोजा करत होती. आजवर दुपारपर्यंतचा अर्धा करायची. घरात तिचं कौतुक चाललं होतं. नवा पिवळा झगा, हातावर मेंदी. दोन पुढचे दात पडलेले, त्या फटीतून सारखी जीभ बाहेर. बाहेरच्या खोलीत चटई अंथरून खजूर, भजी, नारळाच्या दुधातली शेवई असं सगळं मांडलं होतं. शेजारची एक बाईसुद्धा आली होती, शेखच्या बायकोची बहीण. ती आत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बी मुनिराशी बोलत होती. तौहिदा शेगडीपाशी काइमातीचा शेवटचा घाणा तळत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि झाऱ्याचा हात थरथरत होता. संध्याकाळी तिचं असं होत असणार, कालचा घोट उतरलेला आणि आजचा अजून पोटात नाही.

झेयाना माझ्यापाशी येऊन बसली.

"तुम्ही रोजा केलात?"

"नाही गं."

"मग तुम्हाला सरबत नाही."

"कुठलं सरबत?"

"ताईचं. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात असतं, छोट्या बाटलीत. अजान झाली की ती सगळ्यांत आधी तेच पिते, मग तिला बरं वाटतं. मग ती हसते." तिनं आवाज बारीक केला. "अख्खा रोजा करणाऱ्यांनाच मिळतं ते. आज मी केलाय."

"ताईनं सांगितलं तुला, की आज देते म्हणून?"

"ताईला माहीतच नाही. गंमत आहे."

"झेयाना, ऐक. त्या बाटलीला हात लावायचा नाही. अजिबात नाही. कळलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ज्या बाईनं रोजा केला नाही तिला यातलं काय कळणार. मी तशीच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. त्याच वेळी तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. पण ती शेजारीण माझ्याकडे बघत होती, बी मुनिरा बघत होती. मी म्हणाले, "तौहिदा, जरा बाहेर ये गं."

"येते मॅडम, एवढा घाणा काढते."

"आत्ता ये."

"पाक लागेल हो. एक मिनिट."

"शिवणाचं काही आहे का?" शेजारणीनं विचारलं.

"हो, शिवणाचंच," मी म्हणाले.

आणि अजान झाली.

फ्रिज त्या दोन खोल्यांमधल्या बोळात होता, माझ्या पाठीमागे. मी वळले तेव्हा झेयाना उघड्या फ्रिजसमोर उभी होती. हातात बाटली, डोकं मागे, आणि बाटली पार उलटी. माझा हात पोचला तेव्हा तिच्यात तळाला लाल रेघ उरली होती.

"खूप गोड आहे," ती म्हणाली, आणि पडलेल्या दातांतून हसली.

तौहिदा माझ्या मागे येऊन उभी होती. हातात झारा तसाच. तिनं बाटली पाहिली, बहिणीला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत बी मुनिरा म्हणत होती, "अगं खजूर घ्या ना आधी, काय चाललंय तिथं?" तौहिदाला हे नुसतं गिळून टाकता आलं असतं. शेजारीण घरात होती, आई घरात होती, कोर्टाची बाई समोर उभी होती. पोरीला बाहेर नेऊन बोटं घालून ओकवलं असतं आणि नशिबावर सोडलं असतं. मी हे नंतर पुष्कळदा तपासलं आहे. ती एक श्वाससुद्धा थांबली नाही.

"आई!" ती ओरडली. "झेयाना माझं मेथाडोन प्यायली! अख्खा डोस, सत्तर मिलिग्रॅम! मी केंद्रातून तोंडात धरून आणते रोज. तिला झोपू देऊ नका, झोपली तर मरेल!"

"कुठलं केंद्र?" शेजारीण म्हणाली.

तौहिदानं झेयानाला कमरेवर घेतलं आणि ती पायऱ्या उतरून धावत सुटली.

रोजा सोडायच्या वेळी जुन्या गावात रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळे घरात, मशिदीत, ताटावर. नाक्यावर आठ टुकटुक रिक्षा उभ्या होत्या आणि एकीतही माणूस नव्हता. आम्ही हाका मारत होतो, बी मुनिरा अनवाणी धावत होती, बुरख्याचं टोक तोंडात धरलेलं. शेवटी मशिदीच्या ओट्यावरून एक म्हातारा ड्रायव्हर तोंडातला खजूर चघळतच आला. झेयानाला तोवर गंमत वाटत होती. मग ती म्हणाली, नाक खाजतंय. मग म्हणाली, ताई, पाय मऊ झाले.

टुकटुकमध्ये तौहिदा तिच्या गालावर चापट्या मारत होती. "बोल! बोलत राहा! सिस्टर मोराच्या टोपाची गंमत सांगू? शाळेत पोरी कोण कोण आहेत सांग. नावं घे."

"राहमा... सुहेला..."

"अजून! मोठ्यानं!"

"ताई, मी रोजा पूर्ण केला ना?"

"केलास गं, केलास. अजून नावं घे."

हॉस्पिटलच्या फाटकाशी झेयानाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि ओठ निळे पडत होते. तिथल्या डॉक्टरला तौहिदानं एका दमात सगळं सांगितलं, काय, किती, किती वाजता. त्यानं उतारा टोचला, थोड्या वेळानं पुन्हा टोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी झेयानानं डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर मला म्हणाला, "कुणी नेमकं सांगितलं म्हणून वाचली. काय प्यायली ते शोधत बसलो असतो तर गेली असती."

तौहिदा पळून गेली नाही. रात्रभर बहिणीचा पाय धरून बसली होती. लहान मुलाच्या पोटात असलं काही गेलं की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं. ते आले तेव्हा ती म्हणाली, "चला." बी मुनिरा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कोठडीत भेटायला गेले. तिला तीन दिवस औषध मिळालं नव्हतं. घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसली होती, नाक गळत होतं, वर्षापूर्वी कोर्टात होती तशी.

"झेयाना उठली का?"

"उठली. भजी मागत होती."

ती रडली, मग हसली. मग घोंगडीनं नाक पुसून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी केंद्राच्या फाटकापाशी तुम्ही पाहिलं होतंत ना?"

मी तिची घसरलेली घोंगडी सारखी केली.

"पाहिलं होतंत. मी इतकी घाबरले होते. वाटलं, आता मॅडम ओरडणार, थुंक म्हणणार. तुम्ही फोनमध्ये बघितलंत. मग मला वाटलं, मॅडमना कळलं आणि त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे चालतं. तेव्हापासून भीती गेली माझी. आधी मी बाटली उशीखाली ठेवायचे. त्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवायला लागले."

मी तिला म्हणाले, "उद्या कोर्टात मी बोलेन तुझ्यासाठी." खरंच बोलायचं ठरवलं होतं मी. रात्री बसून दोन पानं लिहिली. तिनं बहिणीला कसं वाचवलं, आईची अट काय होती, खिडकीची वेळ काय होती, सगळं. फाटकाचीही एक ओळ लिहिली. सकाळी टाईप करताना ती ओळ गळाली. म्हणजे मी गाळली.

मॅजिस्ट्रेट तेच होते. त्यांनी माझी पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, मुलगी रोज औषध बाहेर आणत होती. देखरेख तुमची. तुम्हाला याची काहीच कल्पना नव्हती?"

कोर्टात मागच्या बाकावर आमचे वरचे साहेब बसले होते. माझी निवृत्ती सात वर्षांवर होती. दोन वर्षं तर तिला मिळणारच होती, मी बोलले तरी आणि नाही बोलले तरी. त्या क्षणी माझ्या डोक्यात हे सगळं होतं आणि मी ते खरं मानलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "कल्पना असती तर लगेच कळवलं असतं."

त्यांनी मान डोलावली आणि पिंजऱ्याकडे वळले. "तौहिदा, अधिकाऱ्यांनी सांगितलं ते ऐकलंस. तुला काही म्हणायचं आहे?"

त्यांचा फोन टेबलाच्या काठाला होता. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मी पर्समध्ये हात घातला आणि तसाच ठेवला.

तौहिदानं नुसती मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले होते, त्या दिवशी फाटकापाशी होते तसेच.